आधी माती, मग डोळे

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की उजव्या हाताला सुरूचे बन, त्यापलीकडे पुळण आणि किनारा संपतो तिथे झरी विनायक. इथून दक्षिणेला गणेशगुळे, उत्तरेला गणपतीपुळे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ हे मधल्या गावांतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. अशा मुलखात गणपतीचा कारखाना म्हणजे कोणाच्या तरी घराची पडवी. वर्षातले दोन-तीन महिने ती रिकामी करायची, भिंतीला फळ्या मारायच्या, कोपऱ्यात मातीचा ढीग ओतायचा. फलक नाही, गल्ला नाही. शाळा सुटली की चार-दोन मुले घरी न जाता तिकडे वळत.

असे कारखाने अजून आहेत. त्यांतल्या ज्या गोष्टी गेल्या, किंवा जागेवर असूनही बिनकामाच्या झाल्या, त्यांची ही टिपणे. क्रम आठवेल तसा.

पाट. फणसाचा, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेला, तेलपाण्याने काळा पडलेला. नागपंचमीच्या सुमारास, काही घरांतून त्याही आधी, घरातला एखादा मुलगा तो काखोटीला मारून कारखान्यात पोचवी. पाटाखाली खडूने किंवा कोळशाने नाव लिहिलेले असे: आडनाव, वाडी, कधी नुसतेच ‘वरचे घर’. मूर्ती या पाटावरच घडायची, तयार झाल्यावर आणून ठेवायची नाही. पाट आला म्हणजे मागणी आली, वेगळी पावती लागत नसे. एखाद्या घरचा पाट वेळेवर आला नाही तर मूर्तिकारच निरोप धाडी. सुतक आहे, भावाभावांत वाटणी झाली आहे, की मुंबईकरांनी यंदा गणपती तिकडेच बसवायचे ठरवले आहे, हे गावाच्या आधी कारखान्याला कळे.

नव्या पोराचे पहिले काम या पाटांशी असे. धुवायचे, पुसायचे, उंचीप्रमाणे लावायचे, खालची नावे वाचून कोण कुठला ते ध्यानात ठेवायचे. मातीला हात लागायच्या आधी त्याला गाव पाठ होई. आता मूर्ती फळीसकट विकत मिळते. पाट घरीच राहतो.

घराण्याची मूर्ती. एका घरी उंदरावर बसलेला, दुसऱ्या घरी लोडाला टेकलेला, तिसऱ्या घरी सोवळे पिवळेच आणि शेला तांबडाच. उंचीही ठरलेली, टीचभर कमी नाही की जास्त नाही. कोणी सांगायला येत नसे, कारण आजोबांपासून तेच चालत आलेले. हे सगळे कुठे लिहून ठेवलेले नव्हते, मूर्तिकाराच्या डोक्यात होते. शिकणाऱ्या पोराने चुकून एका घरच्या पाटावर दुसऱ्या घरचा गणपती बसवला तर ओरडा मूर्ती बिघडवल्याबद्दल मिळत नसे, घर विसरल्याबद्दल मिळे. आता गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवते: असा हवा. फोटो बहुधा मुंबईच्या एखाद्या राजाचा असतो.

माती. हिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण शिकणे इथेच सुरू होई आणि इथेच पुष्कळांचे संपेही.

शाडू गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने, गोणींतून येतो. तो सर्रास मिळू लागण्याआधी, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, खेड्यांतल्या कारखान्यांत जवळपासचीच चिकण माती वापरली जाई: शेताच्या खालच्या थरातली, नाहीतर तळ्याच्या काठची. ती उन्हाळ्यात आणून वाळवून ठेवायची. पावसाच्या तोंडावर फोडायची, चाळायची, भिजत घालायची. भिजलेल्या मातीतले खडे, मुळ्या, शिंपल्यांचे तुकडे बोटांनी चाचपून काढायचे. मग पायांनी तुडवायची, मोगरीने बडवायची, पिंजलेला कापूस थोडा थोडा घालत पुन्हा मळायची. कापूस एकदम टाकला तर गाठी होतात आणि गाठीपाशी मूर्ती हमखास तडकते.

माती झाली की नाही हे मूर्तिकार सांगत नसे. मुलाने करंगळीएवढी वळी करायची आणि ती तर्जनीभोवती गुंडाळायची. वळीच्या पाठीवर बारीक भेगा दिसल्या की पुन्हा मळायला बसायचे. वळी तेलकट चकाकीसह सबंध वळली की ती हातात घेऊन मूर्तिकाराकडे जायचे. तो कामातून डोके वर न काढता दोन बोटांत ती दाबून बघे आणि परत देई. ‘हां’ म्हणाला तर झाले. बहुतेक वेळा म्हणत नसे.

एक पावसाळा यातच जाई. काहींचे दोन जात. कंटाळून पळालेली पोरे पुष्कळ, आणि त्यांना कोणी बोलावायला जात नसे. उरत त्यांच्या बोटांना एक गोष्ट कळलेली असे: मातीत पाणी किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांनाच कळते. पुढची सगळी कला या एका कळण्यावर उभी असे.

सन १४००च्या आसपास चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने आपल्या धंद्याची एक पोथी लिहून ठेवली. चित्रकार व्हायला किती वर्षे लागतात याचा हिशोब त्याने त्यात मांडला आहे. एक वर्ष लहानशा फळीवर रेखाटन, मग ६ वर्षे गुरूच्या कार्यशाळेत रंग घोटणे, सरस उकळणे, फळ्यांना अस्तर देणे, आणि त्यानंतर आणखी ६ वर्षे प्रत्यक्ष रंगकाम. एकूण १३. चेन्निनीला कोकणातली पडवी दाखवली असती तर सरसाचा डबा त्याने वासावरून ओळखला असता. फरक एवढाच की फ्लॉरेन्समध्ये असे शिकणे बऱ्याचदा कराराने, कागदावर होई, आणि इथे पोराच्या आईने ‘जरा बसू द्या त्याला तुमच्याकडे’ म्हटले की करार झाला.

साचा. साच्याला नावे ठेवायची फॅशन आहे. हाताने घडवलेली ती खरी मूर्ती, साच्यातली खोटी, असे शहरातले रसिक म्हणतात. ज्यांनी साच्यात माती भरून पाहिली आहे ते असे म्हणणार नाहीत. साच्याला आतून शंखजिऱ्याची पूड मारायची, मातीची सारख्या जाडीची पोळी लाटायची, ती साच्यात बसवून आंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यात दाबायची. दाब कमी पडला तर नाकाशी खळगा, जास्त पडला तर पोळी फाटते. दोन्ही अर्धे पातळ मातीने सांधायचे आणि साचा नेमक्या वेळी उघडायचा. लवकर उघडला तर मूर्ती बसते, उशीर झाला तर साच्याला धरून तडकते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मुलाला हे काम मिळे.

आणि साच्यातून सगळा गणपती निघत नसे. धड निघे. सोंड, कान, हात, बोटे, मोदक, नाग, उंदीर हे हाताने करून लावायचे. उंदीर हे पोरांचे हक्काचे काम. बिघडला तरी मोडून पुन्हा करता येई, आणि देवाचा अपमान झाला असेही कोणी म्हणत नसे. कित्येक चांगल्या मूर्तिकारांची सुरुवात उंदरापासून झालेली आहे. रबरी साचा आला तेव्हा उंदीरसुद्धा साच्यातून निघू लागला, आणि पोरांच्या हातातले पहिले स्वतंत्र काम गेले. या नोंदीत मला सगळ्यांत जास्त चुटपूट लागते ती या उंदराची.

निऱ्या. सोवळ्याच्या निऱ्या ओल्या मातीत बांबूच्या कोरणीने काढायच्या. बसलेल्या माणसाच्या मांडीवर कापड कुठे ताणले जाते आणि कुठे सैल पडते, हे पाहायला मुलांना घरी पाठवत: आजोबा जेवायला बसले की बघून ये. आता मूर्तीला खरे कापडी धोतर नेसवतात, डोक्याला फेटा बांधतात, वर खडे चिकटवतात. दिसायला झगमगीत दिसते, यात वाद नाही. कापडाखालची मांडी कशी आहे ते पाहण्याची मात्र कोणाला गरज उरत नाही, आणि जिथे गरज नाही तिथे कोणी शिकत नाही.

शेगडी. कोकणातला श्रावण म्हणजे भिंतींना पाझर. त्या हवेत मातीची मूर्ती वाळवणे हे स्वतंत्र शास्त्र होते. फार धग दिली की बाहेरून वाळते, आतून ओली राहते, आणि रंग दिल्यावर चौथ्या दिवशी पोटावर उभी भेग. म्हणून कोळशाची शेगडी लांब ठेवायची, मूर्ती अधूनमधून फिरवायची, रात्रीतून उठून पाहायचे. रात्रपाळी मोठ्या मुलांची. गॅसबत्तीच्या उजेडात भेगा बुजवत, गप्पा मारत, मधूनच भजनाचा सूर लावत ती जागत. आता मोठे दिवे लावतात, पंखे लावतात. ते बरेच आहे. जागरणात काही पवित्र नव्हते.

सरस. जनावराच्या कातडी-हाडांचा. पाण्यात भिजवून मंद आचेवर उकळायचा. त्याला वास असा की शेजारची घरे दारे लावून घेत. देवाच्या मूर्तीला हा चालतो का, असा प्रश्न काही घरांत निघे. तिथे खैराचा किंवा बाभळीचा डिंक वापरत. सरस पातळ झाला तर वाळलेला रंग हाताला लागतो, दाट झाला तर पापुद्रे सुटतात. प्रमाण विचारले तर उत्तर ठरलेले: ‘बघ आणि कळ.’

रंग. पिवडी, गेरू, काव, नीळ, शेंदूर, काजळी. आधी खडूचे पांढरे अस्तर, तेही दोन हात. मग अंगाचा रंग, मग सोवळे, मग शेला, मग दागिने. कोणाच्या हाती कोणता रंग, याची उतरंड ठरलेली होती. अस्तर कोणीही द्यावे. पाट, आसन, लोड यांचे रंग लहान पोरांचे. सोवळे त्यापुढचे. दागिन्यांची बारीक रेघ ज्याचा हात थरथरत नाही त्याची. चेहऱ्याला एकच माणूस हात लावी. कॉम्प्रेसरची गन आली आणि अंगाचा रंग दोन मिनिटांत होऊ लागला. छटा इतकी तलम येते की कुंचल्याने ती कधीच आली नसती. गन चालवायला एक माणूस पुरतो. तिच्याभोवती बसलेल्या पाच पोरांना मात्र काही काम उरत नाही.

कुंचले. बारीक रेघेसाठी खारीच्या केसांचे. जाड कामाला तंतू ठेचून केलेले घरगुती कुंचे. मुलाने मूर्तिकाराच्या कुंचल्याला हात लावायचा नाही, फक्त धुवायचा. धुता धुता केसांचे टोक कसे जुळते ते दिसे. दिसावे म्हणूनच धुवायला दिलेला असे, हे पोरांना पुष्कळ वर्षांनी कळे. काहींना कळलेही नसेल.

डोळे. आखणी सगळ्यांत शेवटी, बहुधा चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. पडवीतली बडबड आपोआप थांबे. मूर्तिकार मूर्तीसमोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आपले डोळे येतील असा बसे. कधी पाटाखाली वीट सारून तो उंच करी, कधी स्वतः पायरीवर उतरे. आधी पांढरा. मग वरच्या पापणीची रेघ, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एका श्वासात. ती अर्ध्यात थांबली की जाडी बदलते, आणि थांबलेली जागा लांबून ओळखू येते. दुसऱ्या डोळ्याची रेघ त्याच जोराने, पण उलट्या दिशेने ओढायची, आणि खरी परीक्षा तिथेच. उजव्या हाताच्या माणसाचा एक डोळा सहज उतरतो आणि दुसऱ्यावर त्याला झगडावे लागते. काही जण दुसऱ्या डोळ्यासाठी पाटच फिरवून घेत. मग बुबुळ, वरच्या पापणीला किंचित टेकलेले. सुटे काढले तर देव दचकल्यासारखा दिसतो. मग काळी बाहुली, आणि शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. तो ठिपका पडला की मूर्ती समोरच्याकडे पाहू लागते. श्रद्धेचा भाग सोडून दिला तरी हे खरे आहे. ज्याला पटत नाही त्याने ठिपक्याआधीची आणि नंतरची मूर्ती जवळून पाहावी.

हे शिकवले जात नसे. मुले मागे उभी राहून पाहत. घरी फरशीवर खडूने डोळे काढत, पुसत, पुन्हा काढत. एखाद्या वर्षी मूर्तिकाराला ताप आला, किंवा मूर्ती जास्त झाल्या आणि रात्र संपत आली, की तो मागे वळून एकाला म्हणे, ‘हा तू घे.’ परीक्षा असली तर तीच. ती कधी येईल ते आधी सांगता येत नसे, म्हणून नेहमी तयारीत राहावे लागे.

बायका. जुन्या आठवणी लिहिणारे यांना हमखास विसरतात. माती चाळण्यापासून दागिन्यांच्या रेघेपर्यंत मूर्तिकाराच्या घरातल्या बायका सगळे करत, रांधणे-वाढणे सांभाळून. मुलीही शिकत, आणि लग्न होऊन गेल्या की त्यांचा हात सासरच्या गावाला जाई, तिथे बहुधा भाकरी थापायला. कारखान्याचे नाव पुरुषाचे. ही गोष्ट नाहीशी होते आहे याचे मला वाईट वाटत नाही. आज पेणकडच्या कारखान्यांत रंगकामाला बायका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना मजुरी मिळते.

मोबदला. मुलांना पगार नव्हता आणि फीही नव्हती. चतुर्थीला घरचा गणपती फुकट, वर कधी शर्टाचे कापड. मूर्तिकारालाही किंमत सांगायची पद्धत नव्हती. न्यायला आलेला माणूस विडा-सुपारी, नारळ आणि जमतील ते पैसे ठेवी. भात देणारीही घरे होती. यात जेवढे साधेपण होते तेवढीच अडचणही होती: तीन महिने राबून मूर्तिकाराच्या हाती काय उरे, हे त्याच्या बायकोला विचारावे लागले असते. त्याची मुले मुंबईला गेली, गिरणीत, बंदरात, पुढे कचेऱ्यांत. ती कारखान्यात बसली नाहीत याबद्दल त्यांना दोष देणाऱ्याने आधी स्वतःच्या मुलाला बसवून दाखवावे.

उरलेले नऊ महिने. गणपती संपले की तोच माणूस पेंटर होई. राजिवड्याच्या, मिरकरवाड्याच्या होड्यांवर नावे लिहायची, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, वाडीच्या नाटकाचा जंगलाचा पडदा, शिमग्याआधी नमनाचे मुखवटे नव्याने रंगवायचे. पोरे डबा धरून मागे. होडीवर अक्षर लिहिणे अवघड, कारण फळी बाकदार असते आणि सरळ काढलेले अक्षर लांबून वाकडे दिसते. ते आधीच उलटे वाकवावे लागते. ही अक्कल पुढे मूर्तीच्या पोटावर उपरणे काढताना उपयोगी पडे. फ्लेक्स आला, मागोमाग चिकटपट्टीची अक्षरे आली, आणि हे नऊ महिने हातून गेले. तीन महिन्यांच्या कामावर वर्ष निघत नाही. माझ्या मते कारखान्यांना पहिला घाव प्लास्टरच्या मूर्तींनी घातला नाही, या पाट्यांच्या जाण्याने घातला.

तरीची वाट. पूल नव्हता तेव्हा भाट्याची खाडी तरीने ओलांडत. श्रावण-भाद्रपदाचे पाणी, तोंडावर फडके घातलेला गणपती मांडीवर, आणि पलीकडे उतरताना तो आधी कोणाच्या हातात द्यायचा यावर वाद. आता टेम्पो दारात येतो. हेही बरेच आहे.

अशी यादी वाढवता येईल, पण एक गोष्ट यादीत बसत नाही: कामाच्या जागीच, पाहता पाहता शिकणे. कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत. त्यांच्या हाताखाली दामले आणि फत्तेलाल तयार झाले. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, पुढे स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२०च्या ‘सैरंध्री’ चित्रपटाच्या काळात शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा तिथे पडेल ते काम करत होता. १९२९मध्ये यातल्याच शिष्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली. सुतारकाम, रंगकाम, यंत्र, वेष, अभिनय हे सगळे तिथे एकाच छपराखाली दिसत होते, आणि झाडू मारणाऱ्यालाही दिसत होते. शिल्पकार करमरकरांचेही तेच. विनायक पांडुरंग करमरकर १८९१मध्ये अलिबागजवळच्या ससवण्याला जन्मले. घरात गणपती करण्याची रीत. तिथला हात त्यांना आधी लागला. मग कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांचे काम पाहिले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट मोकळी केली. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. जे. जे.ने त्यांना पुष्कळ दिले असेल, पण मातीची ओळख घेऊनच ते तिथे गेले होते.

कॉलेजे वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. सावर्ड्याला आणि देवरुखला कलामहाविद्यालये आहेत, आपल्या जिल्ह्यातली मुले तिथे शरीरशास्त्र शिकतात, जगातली शिल्पे पाहतात. जुन्या मूर्तिकाराला माणसाच्या खांद्याचे हाड कुठे असते ते ठाऊक नव्हते, आणि तसे ते त्याच्या मूर्तींत दिसेही. पण कॉलेजात मूल सतराव्या वर्षी जाते. पडवीत ते नवव्या वर्षी जाई.

आणि पडवीत आता त्याला करायला काय आहे? पेण तालुक्यातून, हमरापूर-जोह्याच्या बाजूने, कच्च्या मूर्ती ट्रकने येतात. मळणे नाही, भरणे नाही, जोडणे नाही, वाळवणे नाही. राहतो तो रंग, आणि रंगाला गन आहे. शेवटी उरतात डोळे. शिडीची खालची सगळी पावटणे काढून घेतली आणि वरचे एक तेवढे ठेवले, अशी ही स्थिती आहे. आणि मग मूर्तिकार तक्रार करतात की हल्लीच्या मुलांना डोळे येत नाहीत. कुठून येणार?

प्लास्टरचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२०ला मूर्ती विसर्जनाचे सुधारित नियम काढले आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. अंमलबजावणी लांबत गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ९ जून २०२५ला न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. म्हणजे माती परत येण्याची वाट निम्मी उघडली आहे. आमच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कागदावरचा नाही. विसर्जनानंतरच्या ओहोटीला प्लास्टरचा हात तसाच्या तसा पुळणीवर पडलेला ज्याने पाहिला आहे त्याला नियम समजावून सांगावा लागत नाही. मातीचा गणपती पाण्यात बसतो आणि विरघळतो. पाटावर घरी परत येते ती चिमूटभर रेती.

पण नियमाने माती येईल, हात येणार नाहीत. शाडूची गोणी एका फोनवर मिळते. ती मळणारा पोरगा तयार व्हायला एक-दोन पावसाळे लागतात, आणि त्याला शिकवू शकणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. सरकारी प्रशिक्षणवर्ग तीन-चार दिवसांचे असतात. त्यात मुले छान गणपती करून घरी नेतात, फोटो काढतात. वळी मात्र तडकते की नाही हे चौथ्या दिवसापर्यंत कोणी पाहत नाही.

तर वाचणाऱ्याला सांगायचे ते असे. मातीचा गणपती हवा असेल तर पाट आषाढात पोचवा. श्रावण संपताना येऊन मातीचाच पाहिजे म्हणून बसू नका, कारण त्या वेळी वाळवायला दिवस उरत नाहीत आणि मूर्तिकार नाइलाजाने पेणच्या ट्रककडे बघतो. किंमत जास्त सांगितली तर द्या, त्यात एका पोराचा दिवस धरलेला असू द्या. आणि घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल, मुलगा असो की मुलगी, तर त्याला यंदा शाळा सुटल्यावर जवळच्या कारखान्यात पाठवा. पहिला पावसाळा ते फक्त माती मळेल. प्रमाणपत्र मिळणार नाही. काय शिकलास म्हणून रोज विचारू नका.